खासगी विक्रेत्याचा लॅपटॉप आणि रविवारची बोली

प्रश्न : मी मूळची सांगलीची असून गेल्या सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये लेस्टर येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. घरून आणलेला लॅपटॉप गेल्या आठवड्यात बंद पडला आणि त्याची दुरुस्ती परवडणारी नाही. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेवर एका खासगी व्यक्तीने लेनोवो थिंकपॅड टी ४८० हा जुना लॅपटॉप लिलावाला लावला आहे. बोली सध्या ११२ पौंडांवर असून लिलाव रविवारी रात्री संपतो. माझी मर्यादा १८० पौंडांची आहे. वर्णनात ‘आय-५, १६ जीबी, उत्तम चालतो, परत घेतला जाणार नाही’ एवढेच लिहिले आहे. मी चौकशी केली तेव्हा विक्रेत्याने कळवले की, पैसे थेट त्याच्या बँक खात्यात भरल्यास तो लिलाव थांबवून १३० पौंडांत लॅपटॉप देईल. माझी घरमैत्रीण म्हणते, लिलावातच राहा आणि शेवटच्या काही सेकंदांत बोली लाव. बाबा म्हणतात, न बघता जुनी वस्तू घेऊच नकोस. मी काय करावे? आणि लॅपटॉप खराब निघाला तर दाद कोणाकडे मागायची?

उत्तर : रविवार जवळ आला आहे, म्हणून निर्णय आधी सांगते आणि कारणे नंतर. हा लॅपटॉप घेऊ नका. १३० पौंडांत थेट तर नकोच, पण लिलावात बोली लावूनही नको. टी ४८० हे दणकट यंत्र आहे, तुमच्या अभ्यासाला पुरेल असे आहे आणि तुमच्या मर्यादेत बसणारेही आहे, तेव्हा तुमची निवड चुकलेली नाही. अडचण आहे ती विक्रेत्याच्या त्या एका निरोपात.

ईबेवर लावलेल्या वस्तूचे पैसे ईबेबाहेर मागणे हे त्या संस्थेच्या नियमांविरुद्ध आहे आणि तसे पैसे दिले की तिथले खरेदीदार-संरक्षण तुम्हाला लागू होत नाही. पूर्वी काही प्रामाणिक माणसेही विक्रीशुल्क वाचवण्यासाठी असे सुचवत असत. मात्र ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमधल्या खासगी विक्रेत्यांना लॅपटॉपसारख्या वस्तूंवर विक्रीशुल्क द्यावे लागत नाही, त्यामुळे ती सबब आता उरलेली नाही. त्याऐवजी २०२५ पासून खासगी विक्रेत्याकडून घेणाऱ्या ग्राहकाला संरक्षणाचे शुल्क पडते आणि ते दाखवलेल्या किमतीतच धरलेले असते. बाहेर व्यवहार केल्यास हे शुल्क वाचेल असे तुम्हाला सांगितले जाईल, पण चार-सहा पौंड वाचवण्यासाठी नेमक्या त्या संरक्षणावरच पाणी सोडण्यात काही हशील नाही.

बँकेतून पाठवलेल्या पैशांबद्दल एक गैरसमज सध्या बराच पसरलेला आहे. फसवून पाठवायला लावलेल्या पैशांची भरपाई करण्याचे बंधन ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमधल्या बँकांवर आले, हे खरे आहे. पण बँकेला त्यातून १०० पौंडांपर्यंत रक्कम कापून घेण्याची मुभा आहे, आणि वस्तू आली पण निकृष्ट निघाली, तर तो दोन व्यक्तींमधला वाद समजला जातो व ही तरतूद त्याला लागू होत नाही. तुमच्या १३० पौंडांच्या बाबतीत याचा अर्थ असा, की पार्सल आलेच नाही तर कदाचित ३० पौंड परत मिळतील आणि बिघडलेले यंत्र आले तर बँकेकडून काहीच मिळणार नाही. ज्याने अशा मार्गावर तुम्हाला नेण्याचा प्रयत्न केला, त्याने लिलावाच्या वर्णनात खरे लिहिले असेल यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. म्हणून लिलावातही नको.

आता बाबांच्या म्हणण्याकडे वळते, कारण ते रास्त आहे आणि तुमच्या पुढच्या खरेदीचा पायाही तोच आहे. आपल्याकडे जुना संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीच्या दुकानात समोर चालू करून, कळफलकाचे प्रत्येक बटण दाबून घेतला जातो. ऑनलाइन लिलाव आपल्याकडे येऊन गेला, पण रुजला नाही. बाझी डॉट कॉम हे भारतीय संकेतस्थळ ईबेने २००४ मध्ये विकत घेतले आणि २०१८ मध्ये ईबेचा भारतातला बाजार बंद झाला. त्यामुळे बाबांच्या पिढीला, आणि तुमच्याही, पाहून घेण्याचीच सवय आहे. लिलावात पाहता येत नाही, तेव्हा पाहण्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढावी लागते, आणि ती भरून काढणारी एकच गोष्ट आहे: बोली लावण्यापूर्वी विक्रेत्याकडून मिळवलेले लेखी वर्णन.

याला इंग्लंडच्या कायद्याचा भक्कम आधार आहे. दुकानदाराकडून घेतलेली वस्तू समाधानकारक दर्जाची असली पाहिजे, हे बंधन घालणारा २०१५ चा ग्राहक हक्क कायदा फक्त व्यावसायिक विक्रेत्यांना लागू होतो. खासगी व्यक्तीला लागू होतो तो १९७९ चा वस्तुविक्री कायदा, आणि तो मोजक्याच गोष्टी मागतो. वस्तू विकण्याचा त्या व्यक्तीला अधिकार हवा आणि वस्तू वर्णनाप्रमाणे हवी. दर्जाची हमी नाही. विक्रेत्याला खोटे सांगता येत नाही, पण विचारले नसेल तर गप्प राहण्याची मुभा त्याला आहे. ईबेचे संरक्षणही याच अंगाने चालते, कारण ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ हीच तिथली मुख्य तक्रार असते. ‘उत्तम चालतो’ या दोन शब्दांशी ताडून काय सिद्ध करणार? त्याउलट, ‘दोन्ही बॅटऱ्या मिळून चार तास चालतात, पडद्यावर डाग नाही, सर्व बटणे चालतात’ असे विक्रेत्याने ईबेच्याच संदेशांत लिहून दिले असेल आणि तसे निघाले नाही, तर तुमची बाजू पहिल्या दिवसापासून पक्की असते. म्हणून जे विचारायचे ते लेखी विचारा, ईबेच्या संदेशांतच विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत बोली लावू नका.

काय विचारायचे, हे टी ४८० च्याच उदाहरणाने सांगते, म्हणजे पुढचा लॅपटॉप दिसला की उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट प्रोसेसरचे पूर्ण नाव. टी ४८० हे २०१८ सालचे यंत्र आहे आणि त्यातल्या बहुतेकांत इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर असतो, उदाहरणार्थ आय-५ ८२५०यू किंवा ८३५०यू. पण त्याच नावाने काही यंत्रे सातव्या पिढीच्या ७३००यू प्रोसेसरसह विकली गेली. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात आणि ‘आय-५’ हे दोघांनाही लागू पडते. फरक मोठा आहे, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला, एखाददुसरा अपवाद सोडला तर, इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. सातव्या पिढीचे यंत्र स्वस्तात मिळाले, तरी परीक्षेच्या व सुरक्षेच्या सॉफ्टवेअरसाठी ते तुम्हाला वर्षभरात अडवू लागेल. सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानाचे छायाचित्र मागा. त्यावर प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही लिहिलेले असतात.

दुसरी गोष्ट कुलपांची, आणि जुन्या लॅपटॉपच्या खरेदीत मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. बाजारात येणारे बहुसंख्य थिंकपॅड हे कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले असतात. कंपनीने यंत्राच्या मूळ व्यवस्थेत, म्हणजे बायोसमध्ये, सुपरवायझर पासवर्ड घातलेला असेल आणि तो कोणाला ठाऊक नसेल, तर लेनोवोच्या म्हणण्याप्रमाणे मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बदलण्यावाचून इलाज नाही. लॅपटॉप चालू होतो, विंडोज दिसते, छायाचित्रे सुंदर येतात, आणि तुम्ही पेनड्राइव्हवरून नवी प्रणाली घालायला गेलात की दार बंद! यावर उपाय सोपा आहे. लॅपटॉप सुरू होताना एफ-१ दाबून बायोसच्या ‘सिक्युरिटी’ पानाचे छायाचित्र पाठवायला सांगा. तिथे सुपरवायझर पासवर्डच्या समोर ‘डिसेबल्ड’ असे दिसले पाहिजे. त्याच विभागात चोरी-शोधाच्या ‘अ‍ॅब्सोल्युट’ किंवा ‘कॉम्प्युट्रेस’ सुविधेची स्थितीही दिसते. ती कोणाच्या तरी नावाने सुरू असेल, तर यंत्र अजून त्या कंपनीच्या दप्तरी आहे असे समजा. शेजारी कागदावर त्या दिवसाची तारीख आणि विक्रेत्याचे ईबेवरचे नाव लिहून ठेवायला सांगा, म्हणजे छायाचित्र दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेले नाही याची खात्री होते. हे करायला त्या माणसाला पाच मिनिटे लागतात. खरा मालक ते करतो. जो चिडतो किंवा ‘वेळ नाही’ म्हणतो, त्याला सोडून द्या.

याच जातीचे आणखी एक कुलूप विंडोजच्या बाजूने असते. कंपनीने यंत्र मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट सेवेत नोंदवले असेल, तर डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने घातल्यावरही पहिल्याच पानावर त्या कंपनीचे नाव येते आणि तिच्या कर्मचाऱ्याचे खाते मागितले जाते. ती नोंद कंपनीलाच काढता येते. म्हणून ‘विंडोज नव्याने घालून सुरुवातीचे पान पार केले आहे का’ हाही प्रश्न विचारा. तुमची नजर पुढे मॅकबुककडे गेली, तर तिथे अ‍ॅक्टिव्हेशन लॉक असते. विक्रेत्याने ‘फाइंड माय’ बंद करून आपल्या अ‍ॅपल खात्यातून यंत्र काढलेले नसेल, तर ते तुमच्या हातात निव्वळ धातूचा पत्रा ठरते. आणि कुलूप हे कधी कधी चोरीचेही लक्षण असते. चोरीची वस्तू पैसे मोजून, मनात काही पाप न ठेवता घेतली, तरी इंग्लंडच्या कायद्याने तिची मालकी सहसा तुमच्याकडे येत नाही. ती मूळ मालकाला परत जाते आणि तुम्ही विक्रेत्याला शोधत बसता.

तिसरी गोष्ट बॅटरीची. टी ४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आतली २४ वॉट-तासांची आणि दुसरी मागून काढता येणारी. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘बॅटरीरिपोर्ट’ या पर्यायासह दिली की एक अहवाल तयार होतो. त्यात प्रत्येक बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी शेजारी दिलेली असते. मूळ २४,००० (मिलिवॉट-तास) च्या समोर आज ११,००० लिहिलेले दिसले, तर ती बॅटरी निम्मी संपली आहे, मग विक्रेता काहीही म्हणो. त्यामुळे खरेदी सोडायलाच हवी असे नाही. नव्या बॅटरीचा भाव पाहून तेवढे पैसे आपल्या बोलीतून वजा करा. या मॉडेलला यूएसबी-सीचे दोन पोर्ट आहेत आणि चार्जिंग दोन्हींतून होते, तेव्हा दोन्हींवर करून पाहिले का, तेही विचारा. थंडरबोल्ट या जलद जोडणीच्या फर्मवेअरमधल्या, म्हणजे यंत्रात बसवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या, एका दोषाने यातला एक पोर्ट निकामी झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. लेनोवोने त्यावर दुरुस्ती काढली, पण ती सगळ्यांनी बसवलेली नसते.

विक्रेत्याविषयी थोडक्यात. केवळ अभिप्रायांची टक्केवारी पाहू नका, ते अभिप्राय कशाबद्दलचे आहेत ते वाचा. वर्षानुवर्षे लहान मुलांचे कपडे विकणाऱ्या खात्यावर अचानक एकाच आठवड्यात दहा लॅपटॉप आले असतील, तर ते खाते चोरलेले असण्याची शक्यता असते. ‘तपासलेले नाही’ किंवा ‘सुट्या भागांसाठी’ असे लिहिलेल्या यंत्राकडे वळूसुद्धा नका. ज्याच्याकडे चार्जर आहे त्याला तपासायला काहीच अडचण नसते.

घरमैत्रिणीचा सल्ला अर्धा बरोबर आहे. ईबेचा लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपतो आणि शेवटच्या क्षणी बोली आली म्हणून वेळ वाढत नाही. शिवाय तुम्ही जो आकडा भरता ती तुमची कमाल मर्यादा असते. समजा तुम्ही १४१ भरले आणि दुसऱ्याची मर्यादा १२० होती, तर तुम्हाला वस्तू १२० च्या एकच पायरी वर मिळते, १४१ ला नाही. त्यामुळे शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत एकदाच आपली खरी मर्यादा भरणे हे शहाणपणाचे असते, कारण आधी भरलेली बोली पाहून इतरांना चेव येतो आणि मग आपल्यालाही. पण तो सल्ला तेव्हाच कामाचा, जेव्हा मर्यादा थंड डोक्याने आधी ठरलेली असते. ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ हा पर्याय निवडून गेल्या काही आठवड्यांत तशाच टी ४८० चे लिलाव किती रकमेला संपले ते पाहा. लोकांनी मागितलेल्या किमती पाहून उपयोग नाही. त्यातून बॅटरी, चार्जर आणि टपालखर्च वजा करा, जो आकडा उरेल तो कागदावर लिहा आणि शेवटच्या मिनिटाला त्यात दोन पौंडही वाढवू नका. बोली मागे घेण्याची सोय जवळजवळ फक्त आकडा चुकून टाकल्यास किंवा वर्णन बदलल्यास आहे. मन बदलले म्हणून नाही. विक्रेत्याच्याच माणसांनी किंमत चढवणे हाही प्रकार चालतो. तो गुन्हा आहे, आणि स्वतःच्या वस्तूंवर दुसऱ्या खात्यावरून बोली लावणाऱ्या एका विक्रेत्याला २०१० मध्ये ब्रॅडफर्डच्या न्यायालयात शिक्षा झाली होती. तरीही तुम्हाला प्रत्येक वेळी तो ओळखता येणार नाही. कागदावरचा आकडाच तुम्हाला त्यापासून वाचवतो.

दाद कोणाकडे मागायची, या प्रश्नाचे उत्तर पार्सल उघडण्यापासून सुरू होते. खोके उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून यंत्र चालू होईपर्यंतचा सलग व्हिडिओ घ्या. चालू केल्यावर आपल्या ईमेलचा किंवा बँकेचा पासवर्ड त्यात लगेच टाकू नका. आधी कळफलक, पडदा, कॅमेरा, वाय-फाय, दोन्ही चार्जिंग पोर्ट आणि बॅटरीचा अहवाल तपासा, मग डिस्क पुसून विंडोज नव्याने घाला आणि त्यानंतरच ते आपले समजा. हे सगळे पहिल्या दोन दिवसांत उरका. यंत्र वर्णनाप्रमाणे नसेल, तर पोहोचल्यापासून ३० दिवसांच्या आत ईबेवर परतीची मागणी नोंदवता येते. विक्रेत्याला उत्तरासाठी कामाचे तीन दिवस मिळतात आणि त्याने दाद दिली नाही तर ईबेला मध्ये पडायला सांगता येते. ‘परत घेतला जाणार नाही’ ही ओळ इथे आड येत नाही. ती फक्त मन बदलल्यावर परत करू पाहणाऱ्यांसाठी आहे. वर्णनात न बसणारी वस्तू परत पाठवण्याचा खर्चही अशा वेळी विक्रेत्यावर पडतो. मात्र हे सगळे लागू होते, ते पैसे ईबेमधूनच भरले असतील तरच. त्यापलीकडे सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ही संस्था मोफत सल्ला देते आणि छोट्या दाव्यांचे न्यायालयही आहे, पण दीडशे पौंडांसाठी विद्यार्थ्याने तिथवर जाण्याची वेळ येऊ नये.

तुमची निकड पाहता मी आणखी एक सुचवीन. त्याच ईबेवर जुने थिंकपॅड दुरुस्त करून विकणारे व्यावसायिक विक्रेतेही आहेत. किंमत लिलावापेक्षा वीस-तीस पौंड जास्त पडेल, पण वस्तू हातात पडल्यापासून १४ दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करण्याचा हक्क मिळतो, आणि यंत्र सदोष निघाल्यास २०१५ च्या कायद्याने ३० दिवसांत ते नाकारून पूर्ण पैसे परत मागता येतात. बाबांना हवे असलेले ‘बघून घेणे’ प्रत्यक्षात त्या १४ दिवसांतच होते. तुमच्या १८० पौंडांत हे बसत असेल, तर मी आधी तिकडे पाहीन आणि खासगी लिलावाकडे तेव्हाच वळेन, जेव्हा वरच्या सगळ्या प्रश्नांची छायाचित्रांसह उत्तरे मिळालेली असतील.

तोपर्यंत अभ्यास अडू नये म्हणून सोमवारी सकाळी आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. ब्रिटनमधली अनेक विद्यापीठे विद्यार्थ्यांना काही दिवसांसाठी लॅपटॉप वापरायला देतात. तसा एखादा हाताशी असला की रविवारी रात्रीच बोली लावण्याची घाई तुम्हाला राहणार नाही.